गटात शिकायचे, चाचणी मात्र एकट्याने द्यायची

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांमध्ये गेल्या दहा वर्षांत वर्गात बसण्याची रीत पुष्कळ बदलली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या, शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले, ‘ज्ञानरचनावाद’ (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते हा विचार) हा शब्द शिक्षण परिषदांमधून सर्वांच्या तोंडी झाला, फरशांवर अंकांचे आणि अक्षरांचे तक्ते रंगले आणि फळ्याकडे तोंड करून ओळीने बसणारी मुले चार-पाच जणांचे गोल करून बसू लागली. हा बदल स्वागतार्ह होता, कारण मुलांची तोंडे एकमेकांकडे वळली. परंतु अशा एखाद्या गोलाशेजारी दहा मिनिटे शांतपणे बसून पाहिले, तर पुष्कळदा एकच चित्र दिसते. पेन्सिल एकाच्या हातात असते, दोघे त्याच्या वहीत डोकावत असतात आणि चौथे मूल खोडरबराशी खेळत असते. बाई जवळ आल्या की चौघेही ‘झालं, बाई’ असे एका सुरात सांगतात. उत्तर बरोबर असल्यामुळे बाई पुढच्या गटाकडे जातात, आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, चाचणीत त्या चौथ्या मुलाला नेमके तेच गणित येत नाही.

त्या चौथ्या मुलाचे शिकणे कशाने होईल, या प्रश्नावर गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत भरपूर अभ्यास झालेला आहे, आणि त्या अभ्यासातून उभ्या राहिलेल्या पद्धतींना मिळून ‘सहकारी अध्ययन’ असे म्हणतात. आपल्याकडे ‘गटकार्य’ आणि ‘सहकारी अध्ययन’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात त्यांच्यात मोठा फरक आहे आणि मुलांचा निकाल सुधारतो की जिथल्या तिथे राहतो हे बहुतांशी त्या फरकावर ठरते, असे माझे ठाम मत आहे.

रस्सीखेच आणि खो-खो

हा फरक शाळेच्या मैदानावरच्या दोन खेळांवरून चांगला कळतो. रस्सीखेचीत आठ जण एकच दोर ओढतात आणि कोण किती जोर लावतो आहे हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना असाच दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्याने ओढतानाच्या जोराच्या जवळजवळ निम्म्यावर येत असे. आठ जणांना एकाच क्षणी ओढणे जमत नाही हे त्याचे एक कारण होते. पण ‘माझ्यावाचून काही अडत नाही’ असे वाटून माणूस नकळत हात सैल सोडतो हेही कारण असते, हे पुढच्या प्रयोगांनी दाखवून दिले.

खो-खोत असे होऊ शकत नाही. पाठलाग करणाऱ्याला धावताना दिशा बदलता येत नाही आणि बसलेल्या खेळाडूंच्या मधून पलीकडे जाता येत नाही, त्यामुळे तो कितीही वेगवान असला तरी त्याला खो द्यावाच लागतो. आणि ज्याला खो मिळतो त्याला त्या क्षणी एकट्यालाच उठून धावावे लागते. सहकार्य आणि प्रत्येकाची स्वतःची जबाबदारी या दोन्ही गोष्टी खेळाच्या नियमांतच बसवलेल्या आहेत, त्या खेळाडूंच्या चांगुलपणावर सोपवलेल्या नाहीत. सहकारी अध्ययनाचे मर्म हेच आहे. ‘सगळ्यांनी मिळून करा’ एवढे सांगून दिलेले गटकार्य रस्सीखेचीसारखे असते, तर ज्या कामाची रचनाच अशी आहे की एकमेकांशिवाय ते पुरे होत नाही आणि शेवटी प्रत्येकाला स्वतःच्या पायांवर धावून दाखवावे लागते, ते सहकारी अध्ययन.

मॉर्टन डॉइश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये याची सैद्धांतिक मांडणी केली. स्पर्धेत दुसऱ्याचे वाईट झाले की माझे चांगले होते. सहकार्यात दुसऱ्याचे चांगले झाले तरच माझेही चांगले होते, असा त्या मांडणीचा गाभा सांगता येईल. त्याचे विद्यार्थी डेव्हिड जॉन्सन आणि त्यांचे बंधू रॉजर जॉन्सन यांनी मिनेसोटा विद्यापीठात राहून हा विचार शाळेच्या वर्गापर्यंत आणला. परस्परावलंबन आणि व्यक्तिगत जबाबदारी यांच्या जोडीला मुलांनी समोरासमोर बसून एकमेकांना मदत करणे, ऐकून घेण्याची व मतभेद नीट मांडण्याची कौशल्ये शिकणे आणि आपला गट कसा चालला आहे याचा मधून मधून विचार करणे, अशी आणखी तीन अंगे त्यांनी सांगितली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट स्लाव्हिन यांनी मात्र निकालाच्या प्रश्नावर बोट ठेवले. त्यांनी गटपद्धतींवरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. गटाला मिळून काहीतरी साध्य करायचे आहे आणि ते साध्य होणे प्रत्येक सदस्याच्या स्वतःच्या शिकण्यावर अवलंबून आहे, अशा ठिकाणी मुलांची संपादणूक ठळकपणे सुधारलेली त्यांना दिसली. जिथे चौघांनी मिळून एकच कागद भरून द्यायचा होता, तिथे नेहमीच्या अध्यापनापेक्षा फारसा फरक पडलेला दिसला नाही.

इंग्लंडमधील एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन ही संस्था निरनिराळ्या अध्यापन पद्धतींवरील संशोधन गोळा करून शिक्षकांसाठी मांडते. तिच्या अंदाजानुसार सहकारी अध्ययनामुळे मुलांची प्रगती वर्षभरात सरासरी पाच महिन्यांच्या शिक्षणाइतकी अधिक होते. हा आकडा सरासरीचा आहे हे मात्र विसरू नये, कारण रचना ढिली असलेल्या वर्गांत हा फायदा दिसत नाही.

समजावून सांगताना काय घडते

गटात बसल्याने मूल का शिकते, याचे उत्तर एका वजाबाकीत पाहू. तिसरीच्या वर्गात ४०२ वजा १७८ हे उदाहरण दिले आहे. एका मुलाने उत्तर ३७६ असे काढले. शिक्षकाच्या लाल पेनासाठी ती फक्त एक चूक आहे, पण शेजारी बसलेल्या मुलीने ‘कसं काढलंस?’ असे विचारले की त्या चुकीमागचा विचार बाहेर येतो. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून दोन वजा केले आणि सहा लिहिले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सात तसेच खाली घेतले. आणि चारातून एक गेला, तीन उरले. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचे, असा नियम त्याने स्वतःशी बांधलेला आहे. एका अर्थाने तो अगदी सुसंगत वागतो आहे, आणि म्हणूनच ‘चूक आहे, परत कर’ एवढे म्हटल्याने तो पुन्हा ३७६ वरच येणार.

आता ती मुलगी काय करते ते पाहावे. ‘उत्तर २२४ आहे, लिही’ असे ती म्हणाली, तर मुलाच्या वहीत बरोबर उत्तर येईल आणि डोक्यातला नियम जसाच्या तसा राहील. पण गटासमोर खेळातल्या नोटा ठेवलेल्या असतील, तर ती म्हणेल, ‘हे बघ, तुझ्याकडे चारशे दोन रुपये आहेत. शंभराच्या चार नोटा आणि दोन रुपये सुट्टे. मला एकशे अठ्ठ्याहत्तर दे. आठ रुपये सुट्टे कुठून देशील?’ मुलगा दहाची नोट शोधतो, ती नसतेच. मग शंभराची एक नोट मोडावी लागते, तिच्या दहाच्या दहा नोटा येतात, त्यांतली एक पुन्हा मोडली की दहा रुपये सुट्टे होतात. आता शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि सुट्टे बारा. बारातून आठ गेले चार, नऊ दहांतून सात गेले दोन, तिनातून एक गेला दोन. ‘हातचा घेणे’ म्हणजे नोट मोडणे, ही गोष्ट त्याला या क्षणी उमगते, कारण दुकानात सुट्ट्यांसाठी अडलेले माणूस त्याने अनेकदा पाहिलेले आहे.

या प्रसंगात त्या मुलीलाही तितकाच लाभ होतो, आणि हे पालकांना पटवून द्यावे लागते. ‘आमची मुलगी हुशार आहे, ती दुसऱ्यांना शिकवत बसली तर तिचा अभ्यास मागे पडेल’ अशी तक्रार पालकसभेत हमखास येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील नोरीन वेब यांनी गटांतील मुलांचे प्रत्यक्ष बोलणे नोंदवून त्याचा त्यांच्या गुणांशी संबंध तपासला. सविस्तर समजावून सांगणाऱ्या मुलांची स्वतःची संपादणूक चांगली असते, असे त्यांना पुन्हा पुन्हा आढळले. याचे कारण समजण्यासारखे आहे. आपल्याला एखादी रीत येते, पण ती दुसऱ्याला सांगू लागलो की तिच्यातल्या न कळलेल्या जागा दिसू लागतात, शब्द शोधावे लागतात, उदाहरण बदलावे लागते, आणि या खटपटीत आपले ज्ञान नीट लागते. मदत घेणाऱ्याच्या बाबतीत वेब यांचा निष्कर्ष अधिक सावध करणारा आहे. ज्याला नुसते उत्तर मिळते त्याला त्याचा उपयोग होत नाही. स्पष्टीकरण मिळूनही जो लगेच स्वतः तसे दुसरे उदाहरण सोडवत नाही, त्यालाही फारसा होत नाही. म्हणून वरच्या प्रसंगाचा शेवट २२४ वर होता कामा नये. ‘आता ५०३ वजा २६७ तू कर, मी बघते’ हे वाक्य त्या मुलीला शिकवायला हवे. माझ्या दृष्टीने सहकारी अध्ययनातले हे सर्वांत मोलाचे वाक्य आहे.

लेव्ह वायगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने (१८९६–१९३४) मुलाला एकट्याने काय जमते आणि थोड्या मदतीने काय जमते, या दोहोंमधल्या पट्ट्याला महत्त्व दिले, हे डी. एड. झालेल्या प्रत्येकाने वाचलेले असते. वर्गात चाळीस मुले असताना त्या पट्ट्यात प्रत्येकापाशी जाऊन उभे राहणे एका शिक्षकाला शक्य नसते. शेजारी बसलेले मूल मात्र तिथे आधीपासूनच असते, आणि तेही ती पायरी नुकतीच चढून आलेले असल्यामुळे तिथे पाय कुठे घसरतो हे त्याला ताजे आठवत असते.

ऑस्टिनची गोष्ट आणि नद्यांचा पाठ

काम एकमेकांशिवाय पुरेच होऊ नये, अशी रचना कशी करायची, याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना १९७१ मध्ये अमेरिकेतील टेक्सस राज्यातल्या ऑस्टिन शहरात तयार झाला. वेगवेगळ्या वस्त्यांमधली गोरी, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक मुले तिथल्या शाळांत नुकतीच एकत्र आली होती आणि त्यांच्यात सतत भांडणे होत होती. एलियट अ‍ॅरन्सन या सामाजिक मानसशास्त्रज्ञाला मदतीसाठी बोलावण्यात आले. वर्ग पाहून त्याने निदान केले की, शिक्षकाने प्रश्न विचारायचा आणि मुलांनी हात वर करून एकमेकांवर कडी करायची, ही रोजची रीतच या वैराला खतपाणी घालते आहे. मग त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. उरलेला धडा समजून घ्यायचा तर सोबत्यांचे ऐकण्यावाचून मार्ग नव्हता, आणि चाचणी सगळ्या धड्यावर व्हायची होती.

त्यांतल्या एका गटात इंग्रजी ही दुसरी भाषा असलेला एक मुलगा होता. आपला तुकडा सांगताना तो अडखळू लागला, तेव्हा इतरांनी त्याला हिणवले. त्यांना कोणीही सभ्यपणाचे धडे दिले नाहीत. त्याच्याकडे असलेल्या माहितीवर थोड्या वेळाने परीक्षेत प्रश्न येणार आहेत, एवढीच आठवण करून दिली गेली. हळूहळू मुले त्याला सोपे, नेमके प्रश्न विचारू लागली, त्याला उत्तरे देता येऊ लागली आणि तो आपल्याला वाटला तसा मंद नाही हे त्यांच्या लक्षात आले. अ‍ॅरन्सनने सांगितलेली ही हकिगत मला फार महत्त्वाची वाटते. आपण आधी मुलांची मने वळवायला जातो आणि मग त्यांना एकत्र बसवतो. इथे कामाची रचना आधी बदलली आणि मने मागून वळली.

चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासात ही पद्धत सहज वापरता येते. नद्यांचा पाठ घ्यावा आणि चौघांच्या गटात चार पट्ट्या वाटाव्यात. एकीवर गोदावरी असेल, त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून बंगालच्या उपसागराला मिळणारी. दुसरीवर महाबळेश्वरला उगम पावणारी आणि तशीच पूर्वेकडे जाणारी कृष्णा. तिसरीवर मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघून सुरतेजवळ समुद्राला मिळणारी तापी. चौथीवर सह्याद्रीवरून झपाट्याने उतरून अरबी समुद्राला मिळणाऱ्या कोकणातल्या आखूड नद्या. सर्व गटांतली गोदावरीवाली मुले आधी एकत्र बसून आपली पट्टी वाचतात, नकाशात नदी बोटाने शोधतात आणि घरच्या गटात जाऊन काय सांगायचे ते ठरवतात. या टप्प्यामुळे वाचनात कच्चे असलेले मूल रिकाम्या हाताने परत जात नाही. आपापल्या गटात परतल्यावर शिक्षकाने असा प्रश्न द्यावा की त्याला चारही पट्ट्या लागतील: गोदावरी, कृष्णा आणि कोकणातल्या नद्या, सगळ्या सह्याद्रीतच उगम पावत असताना, पहिल्या दोन पूर्वेला आणि बाकीच्या पश्चिमेला का जातात, आणि तापी या सगळ्यांपेक्षा वेगळी कशी? हा प्रश्न एकाच पट्टीतून सुटत नाही. त्यानंतरची चाचणी चारही पट्ट्यांवर असावी आणि प्रत्येकाने ती स्वतंत्र बसून सोडवावी.

गट कसे पाडावेत आणि गुण कसे मोजावेत

गट मुलांनी निवडू नयेत आणि हजेरीपटाच्या क्रमानेही पाडू नयेत. समजा वर्गाचा पट २४ आहे. मागच्या चाचणीच्या गुणांवरून मुलांचे पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत क्रम लावावेत (ही यादी शिक्षकाच्या टाचणवहीतच राहावी, भिंतीवर लागू नये) आणि सहा गटांची नावे पहिल्या सहा जणांपुढे सरळ, पुढच्या सहा जणांपुढे उलट, अशी नागमोडी लिहीत जावीत. पहिल्या गटात पहिला, बारावा, तेरावा आणि चोविसावा येतो. दुसऱ्यात दुसरा, अकरावा, चौदावा आणि तेविसावा. सहाव्यात सहावा, सातवा, अठरावा आणि एकोणिसावा. कोणत्याही गटातल्या चार क्रमांकांची बेरीज केली तर ती ५० च येते, म्हणजे गट तोलाचे झाले. त्यानंतर मुलगे-मुली, वस्त्या आणि घरची भाषा यांचे मिश्रण होईल अशा थोड्या अदलाबदली कराव्यात. चारपेक्षा मोठा गट प्राथमिक वर्गात करू नये. पाचवे मूल जवळजवळ नेहमी प्रेक्षक होते.

गुणांचा भाग मला सर्वांत कळीचा वाटतो. गटाच्या एका तक्त्याला सात गुण द्यायचे आणि तेच चौघांच्या नावे लिहायचे, ही आपल्याकडची रूढ पद्धत रस्सीखेचीची आहे. स्लाव्हिन यांनी सुचवलेला मार्ग निराळा आहे. मुले गटात सराव करतात, चाचणी मात्र एकेकटी देतात, आणि प्रत्येक मूल आपल्या स्वतःच्या आधीच्या गुणांच्या तुलनेत किती पुढे गेले त्यावर गटासाठी गुण मिळवते. वीस गुणांच्या चाचणीसाठी आपल्याला अशी सोपी पट्टी करता येईल. मागच्या तीन चाचण्यांची सरासरी हे मुलाचे मूळ गुण मानावेत. त्याहून तीन किंवा अधिक गुण वाढले तर गटाला तीन. तितकेच राहिले किंवा एक-दोनाने वाढले तर दोन. एक-दोनाने घटले तर एक. त्याहून जास्त घटले तर शून्य. आणि पैकीच्या पैकी मिळाले तर मूळ गुण काहीही असोत, तीन.

आता नेहमी सहा गुण मिळवणाऱ्या मुलाने नऊ मिळवले तर तो गटाला तीन देतो आणि नेहमी अठरा मिळवणाऱ्या मुलीने अठराच मिळवले तर ती दोन देते. वर्गातले ‘ढ’ समजले गेलेले मूल पहिल्यांदाच गटाची मोठी ठेव बनते. त्याला नऊवर न्यायचे तर वहीतले उत्तर दाखवून भागत नाही, त्याला येईपर्यंत शिकवावे लागते, कारण चाचणीला ते एकटेच बसणार आहे. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले आणि काही महिन्यांनी परतलेले मूलही या हिशेबात कोणाला ओझे होत नाही, कारण त्याची तुलना त्याच्या स्वतःच्या परतल्यानंतरच्या पहिल्या चाचणीशी होते. हे गुण गटाच्या कौतुकासाठी आहेत. प्रगतिपुस्तकात प्रत्येकाचे स्वतःचेच गुण जावेत. कौतुक म्हणजे परिपाठात गटाचे नाव घेणे एवढे पुरते, बक्षिसांचा बाजार मांडण्याची गरज नाही.

जिथे गट अडखळतो

मूल गटात येते ते गावातली आपली जागा सोबत घेऊन येते. कोणाची मुलगी कोण, कोणत्या वस्तीतली, घरी कोणती भाषा, हे चौघांनाही माहीत असते, आणि कोणाचे म्हणणे ऐकायचे हे पुष्कळदा त्यावरून ठरते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एलिझाबेथ कोहेन यांनी हीच गोष्ट अमेरिकेतल्या वर्गांत अभ्यासली. ज्याला वरचे मानले जाते ते मूल जास्त बोलते, जास्त बोलते म्हणून जास्त शिकते, आणि त्यामुळे दरी आणखी रुंदावते. आपल्या गटांत मुलींकडे अक्षर चांगले म्हणून लेखनिकाचे काम कायमचे येते आणि ‘सादरीकरण’ मुलगा करतो, ते याच जातीचे. गटप्रमुख, लेखनिक, साहित्य आणणारा आणि प्रश्न विचारणारा ही कामे दर आठवड्याला फिरती ठेवली तर हे काहीसे सुटते. कोहेन यांनी सांगितलेला दुसरा उपाय अधिक खोल जातो: मागे पडलेल्या मुलाने गटात नेमके काय चांगले केले ते शिक्षकाने टिपावे आणि सर्वांसमोर त्या शब्दांत सांगावे. ‘शाबास’ म्हणणे पुरेसे नाही. ‘नकाशात तापी उलट्या दिशेला जाते हे हिने सर्वांच्या आधी पाहिले’ असे म्हणावे, आणि ते खरे असावे.

मेळघाटातल्या कोरकू किंवा नंदुरबारमधल्या भिल्ली बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात चर्चा घरच्या भाषेत आणि सादरीकरण मराठीत, अशी मोकळीक ठेवली तर गप्प बसणारी मुले बोलू लागतात. ज्या मुलाला दोन्ही भाषा येतात ते गटाचा दुवा होते आणि त्याचे मराठीही पक्के होते.

सगळे काही गटात शिकवता येते असा आग्रहही धरू नये. नवीन संकल्पना शिक्षकाने स्वच्छ समजावून द्यावी आणि मग गटात सराव व्हावा, हा क्रम मोडला तर चौघे मिळून चुकीचीच रीत घट्ट करतात. अक्षरओळखीच्या टप्प्यावरच्या मुलाला मिश्र गटात बसवून भागत नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, तर २०२२ मध्ये, करोनाच्या टाळेबंदीनंतर, ४२.८ टक्के. अशा वर्गात दिवसातला काही वेळ वाचनाच्या पातळीनुसार समान गट करून शिक्षकाने स्वतः त्यांना शिकवणे आवश्यक आहे, आणि ‘प्रथम’ संस्थेने रूढ केलेली स्तरनिहाय अध्यापनाची रीत तिथे उपयोगी पडते. आकलन, शाब्दिक उदाहरणे, परिसर अभ्यास आणि शुद्धलेखनाचा सराव यांसाठी मिश्र गट घ्यावेत.

द्विशिक्षकी शाळांना तर या पद्धतीची गरज सर्वाधिक आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक मिळतात, आणि इयत्ता चार किंवा पाच असतात. एका इयत्तेला शिकवत असताना दुसरी खरोखर शिकत राहावी, नुसती पाढे लिहीत बसू नये, असे वाटत असेल तर मुलांना गटात काम करण्याची सवय असावी लागते. ती सवय एकदम लागत नाही. पहिले तीन आठवडे फक्त जोड्या कराव्यात: प्रश्नावर एक मिनिट एकट्याने विचार, दोन मिनिटे जोडीदाराशी बोलणे, मग वर्गाला सांगणे. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही रीत पहिलीच्या मुलांनाही जमते. त्यानंतर चौघांचे गट करावेत, प्रत्येकाला एक ते चार क्रमांक द्यावा आणि चर्चा संपल्यावर चिठ्ठी काढून कोणत्या क्रमांकाने पाटीवर उत्तर लिहायचे ते ठरवावे. कोणाचा क्रमांक निघेल हे माहीत नसल्यामुळे गट आपल्या चारही सदस्यांची तयारी करून घेतो. इथे खो मिळतो.

गोंगाटाबद्दल एकच सांगतो. जोडीदाराला ऐकू जाईल पण पलीकडच्या गटाला जाणार नाही, एवढा आवाज मुलांना दोन-तीन दिवस सरावाने शिकवता येतो. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवावे.

निकाल खरोखर सुधारला का

कृतिसंशोधनाच्या, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गात केलेल्या प्रयोगाच्या, अहवालांत नेहमी एक पूर्वचाचणी असते, एक उत्तरचाचणी असते, सरासरी नऊवरून चौदावर गेलेली असते आणि उपक्रम यशस्वी झाल्याचे लिहिलेले असते. त्यातून फारसे सिद्ध होत नाही, कारण दोन महिने कोणत्याही पद्धतीने शिकवले तरी गुण वाढतातच. शाळेत दुसरी तुकडी असेल तर तिथे तोच घटक नेहमीच्या रीतीने शिकवून दोन्हींची वाढ ताडून पाहावी. नसेल तर एक घटक गटपद्धतीने आणि त्याच अवघडपणाचा दुसरा नेहमीच्या पद्धतीने शिकवून आपल्याच मुलांची तुलना करावी. चाचणी पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यावी, म्हणजे टिकलेले किती ते कळेल. आणि वर्गाची सरासरी पाहून थांबू नये. क्रमयादीतल्या शेवटच्या सहा मुलांचे गुण वेगळे काढावेत, पहिल्या सहांचेही काढावेत. शेवटच्यांचे वाढले आणि पहिल्यांचे घटले नाहीत, तर रचना जमली. पहिल्या सहांचेच वाढले असतील, तर गटांत समजावून सांगणे चालले आहे, पण ज्यांना ते सांगितले जाते त्यांना स्वतः करून पाहायला मिळत नाही.

साधारण सहा आठवड्यांनी गट मोडून नवे करावेत, म्हणजे मागे राहिलेल्या गटाला नवी सुरुवात मिळते आणि वर्गातल्या बहुतेकांचा एकमेकांशी संबंध येतो. गट मोडण्याच्या दिवशी प्रत्येक मुलाला तीन छोट्या चिठ्ठ्या द्याव्यात आणि गटातल्या तिघांविषयी एकेक वाक्य लिहायला सांगावे: याच्याकडून मला काय समजले. ‘तो चांगला आहे’ असे वाक्य चालणार नाही हे आधीच सांगावे. त्या चिठ्ठ्या शिक्षकाने घरी नेऊन वाचाव्यात. कोणी लिहिलेले असते की हिने मला नोट मोडून हातचा शिकवला, कोणी लिहिते की हा सारखा ‘कसं’ विचारतो म्हणून मला पुन्हा वाचावे लागते. ज्या मुलाच्या नावाच्या तिन्ही चिठ्ठ्या कोऱ्या आलेल्या असतील, त्याच्यापासून पुढच्या गटांची यादी करायला घ्यावी.